विंदालू : मंद आंचेचा एक पाठ

इतिहास, भूगोल, रसायन आणि आरोग्य हे विषय शाळेंत निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. ते चारहि एकाच पातेल्यांत शिजत असलेले पहावयाचे असतील, तर विंदालू या पदार्थाकडे वळावें असें आम्हांस वाटतें. गोमंतकांतील व वसई-मुंबईकडील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या आणि लग्नकार्याच्या जेवणास डुकराच्या मांसाचा हा आंबट-तिखट रस्सा असतो. पुष्कळ घरीं तो उत्तम साधतो. पण पुष्कळ घरीं मांस दोरीसारखें चिवट राहतें, रस्सा पाण्यासारखा पातळ होतो, आणि गृहिणी मांस विकणाऱ्यास बोल लावते. हा दोष बहुधा विकणाऱ्याचा नसून आंचेचा व उतावळेपणाचा असतो, हें येथें दाखवावयाचें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, याची आम्हांस जाणीव आहे. मोशेच्या नियमशास्त्रांतहि, लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत, तें निषिद्धच ठरविलें आहे. अशा वाचकांनीं हा लेख उष्णतेच्या धड्याप्रमाणें वाचावा. मात्र पुढें कृमींविषयीं जें लिहिलें आहे, तें त्यांनीं अवश्य वाचावें. तो भाग त्यांच्या घरासहि तितकाच लागू आहे.

प्रथम नांवाविषयीं. पोर्तुगीज भाषेंत ‘विन्यु’ म्हणजे द्राक्षासव आणि ‘आल्यु’ म्हणजे लसूण. द्राक्षासवांत अथवा त्याच्या शिरक्यांत लसूण घालून मांस मुरवण्याच्या रीतीस त्या भाषेंत ‘विन्या द आल्युश’ म्हणतात, आणि पोर्तुगालच्या मदैरा बेटावर या रीतीनें केलेलें डुकराचें मांस आजहि नाताळांत खातात. इ. स. १५१० मध्यें आफोन्सो द आल्बुकर्क यानें गोवें जिंकलें, व त्यानंतर ही रीत आपल्या किनाऱ्यावर रुजली. येथें द्राक्षमळे नव्हते, पण माड होते. म्हणून माडाच्या सुरेचा शिरका आला. मिरची मूळची अमेरिकेंतील; कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती जगभर पसरली आणि पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आपल्याकडे उतरली. मिरीं, दालचिनी, हळद हीं तर येथलींच. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनीं ती घेतली तेव्हां त्यांचें राज्य गेलें, परंतु पातेलें चुलीवर तसेंच राहिलें; तिकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत या पदार्थास इंदियाल म्हणतात. आतां कित्येक खाणावळींतून विंदालूंत बटाटे घालतात. शब्दाच्या शेवटीं ‘आलू’ ऐकूं आला, एवढेंच त्याचें कारण. त्या ‘आलू’चा अर्थ लसूण आहे हें आमच्या विद्यार्थ्यांनीं तरी लक्षांत ठेवावें.

आतां मांसाकडे वळूं. बाजारांत पाठीचें मऊ व निबर नसलेलें मांस महाग असतें, आणि खांद्याचें, कातडी-चरबीसह असलेलें मांस त्या मानानें स्वस्त मिळतें. पाहुण्यांसाठीं म्हणून कित्येक पालक महागाचें मांस घेतात व येथेंच फसतात. पाठीचे स्नायू जनावराकडून फारसे वापरले जात नाहींत. ते लवकर शिजतात, पण दोन तास शिजविल्यास भुशासारखे कोरडे होतात. खांद्याचा स्नायू दिवसभर राबतो. त्याचे धागे एकमेकांस बांधून ठेवणारें कोलॅजन नांवाचें द्रव्य त्यांत पुष्कळ असतें, आणि त्यामुळेंच तें मांस कच्चें असतां कठीण लागतें. मात्र हेंच कठीण द्रव्य पाण्यांत पुरेसा वेळ तापलें कीं विरघळून त्याचें जिलेटिन होतें. जिलेटिन म्हणजे एक प्रकारचा सरस. तो मांसास मृदुता देतो व रश्शास अंग देतो. तेव्हां मंद आंचेवर शिजवावयाचें असेल, तर खांद्याचेंच मांस मागावें, आणि कातडी काढून टाकूं देऊं नये.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते, व ती न समजल्यामुळेंच बहुतेक पातेलीं बिघडतात. मांस सुमारें ६० अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापूं लागलें कीं स्नायूंचे धागे आखडतात आणि आपला रस पिळून बाहेर टाकतात. कोलॅजन मात्र ७० अंशांच्या पुढें गेल्यावर विरघळूं लागतें, आणि तेंहि अगदीं सावकाश. म्हणजे आखडण्याचें काम आधीं होतें व सैल होण्याचें काम मागून होतें. परिणाम असा कीं, चुलीवर ठेवून पाऊण तास ते एक तास झाल्यावर तुकडा चाखून पाहिला, तर तो अतिशय चिवट लागतो. गृहिणी घाबरते, पाहुण्यांची वेळ जवळ येत असते, म्हणून ती आंच वाढविते. रस्सा खळखळां उकळतो, चरबी त्यांत घुसळली जाऊन तो गढूळ व तेलकट होतो, मसाला तळाशीं लागतो, आणि मांस आणखी कोरडें होतें. त्या वेळीं आंच वाढविण्याऐवजीं आणखी एक तास थांबणें एवढेंच काय तें करावयाचें होतें. दुसऱ्या तासांत कोलॅजन सुटतें. धागे आखडलेलेच असतात, पण त्यांची बांधणी गेल्यामुळें ते सहज अलग होतात, आणि मध्यें जिलेटिन व चरबी असल्यामुळें जिभेस रसाळ लागतात.

शास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं येथें आणखी एक विचार करावा. उघड्या भांड्यांतील पाणी कितीहि जाळ केला तरी आपल्या उत्कलनबिंदूच्या पुढें तापत नाहीं. मोठ्या जाळानें वाफ अधिक होते. उष्णतामान वाढत नाहीं. समुद्रकांठीं हा बिंदु १०० अंश असतो, पण महाबळेश्वरीं तो चार-पांच अंशांनीं खालीं येतो, आणि म्हणून तेथें तेंच मांस शिजण्यास अधिक वेळ द्यावा लागतो. दाबाच्या कुकरांत उलट घडतें: वाफ कोंडल्यामुळें पाणी १२० अंशांच्या जवळपास जातें व दोन तासांचें काम अर्ध्या-पाऊण तासांत होतें. ज्या घरीं आई-वडील दोघेहि नोकरीस जातात, त्यांनीं कुकर खुशाल वापरावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. मात्र त्यांतील रस्सा आटत नाहीं, तो मागाहून उघडा ठेवून आटवावा लागतो.

सहा माणसांच्या कुटुंबास एक किलो मांस पुरतें. त्याचे दीड-दोन इंचांचे चौकोनी तुकडे करावे. लहान केल्यास ते रश्शांत फुटून जातात. मसाल्यास बी काढलेल्या दहा-बारा काश्मिरी अथवा बेडगी मिरच्या, एक चहाचा चमचा जिरें, दहा-बारा मिरीं, सहा लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, अर्धा चमचा हळद, लसणाच्या पंधरा पाकळ्या व इंचभर आलें घ्यावें. हें सर्व अर्धा पेला माडाच्या शिरक्यांत भिजत घालून त्याच शिरक्यांत बारीक वाटावें. वाटतांना पाणी वापरूं नये. पाण्यानें शिरका सौम्य होतो, आणि मांस टिकविण्याचें काम शिरक्याचें आहे. आम्ल वातावरणांत बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, आणि आम्लानें कोलॅजनहि थोडें अगोदरच सैल होतें. दोन चहाचे चमचे मीठ व एक चमचा माडाचा गूळ घालून मसाला मांसास चोळावा व रात्रभर मुरूं द्यावा. ज्या काळीं शीतकपाटें नव्हतीं त्या काळीं केवळ शिरक्यावर भिस्त होती. आज शीतकपाट असतां मांस बाहेर ठेवण्याचें कारण नाहीं.

भांड्याविषयीं दोन शब्द. शिरका असलेला पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत कधींहि ठेवूं नये. आम्लानें तांबें विरघळून अन्न विषारी होतें. ॲल्युमिनियमलाहि आम्ल खातें व रश्शास धातूची चव येते. मातीची हांडी सर्वांत उत्तम. ती हळू तापते आणि हळू निवते. मंद आंचेस याहून अधिक काय पाहिजे? ती नसल्यास जाड बुडाचें स्टीलचें पातेलें घ्यावें.

दोन चमचे तेलावर दोन बारीक चिरलेले कांदे तांबूस परतून त्यांवर मुरलेलें मांस मसाल्यासह घालावें. मध्यम आंचेवर दहा-पंधरा मिनिटें हलवीत राहिल्यास मांसास स्वतःचें पाणी सुटतें. त्यांत एक पेला गरम पाणी घालून एक उकळी येऊं द्यावी, व लगेच आंच अगदीं कमी करावी. वर खोलगट झांकण ठेवून झांकणांत पाणी घालावें, जसें आपल्या आज्या करीत आल्या आहेत. त्या पाण्यामुळें आंतील वाफ थंड होऊन थेंबाथेंबानें परत खालीं पडते. शिवाय रस्सा आटूं लागलाच तर घालावयास गरम पाणी हाताशीं तयार असतें. रश्शाच्या पृष्ठभागावर मधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळ होऊं नये. पावणेदोन ते दोन तासांनीं एक तुकडा पळीच्या कडेनें दाबून पहावा. तो विनासायास तुटला कीं झालें. वर आलेली चरबी पळीनें थोडी काढून घ्यावी, सगळी काढूं नये. रस्सा दाट करण्यास पीठ किंवा नारळ लागत नाहीं. वाटलेल्या मिरच्या, विरघळलेले कांदे व जिलेटिन हींच तें काम करितात. उरलेला रस्सा शीतकपाटांत ठेवून सकाळीं पहावा: तो मुरंब्यासारखा थिजलेला दिसला, तर कोलॅजन सुटल्याचा तो पुरावा होय. पातळच राहिला, तर मांस लवकर उतरविलें अथवा पाणी अधिक झालें.

आतां कृमींविषयीं. डुकराच्या मांसांत कधींकधीं पट्टकृमीच्या अळ्या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या रूपानें असतात. असें मांस अर्धकच्चें खाल्लें तर आंतड्यांत लांब कृमि वाढतो. वर सांगितल्याप्रमाणें शिजविल्यास अळी जिवंत राहत नाहीं. तरी दाणे दिसलेलें मांस घेऊंच नये, व उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकराचें तर मुळींच नव्हे. येथपर्यंत पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु याहून भयंकर जो रोग, ज्यांत ही अळी माणसाच्या मेंदूंत घर करिते व मुलांना फेफरें येऊं लागतें, तो मांस खाल्ल्यानें होत नाहीं. तो त्या कृमीचीं अंडीं पोटांत गेल्यानें होतो. अंडीं बाहेर पडतात तीं कृमि असलेल्या माणसाच्या विष्ठेंतून, आणि न धुतलेले हात, दूषित पाणी व कच्च्या भाजीपाल्यावाटे तीं कोणाच्याहि पोटांत जातात. म्हणूनच ज्यांनीं जन्मांत मांसास स्पर्श केला नाहीं, अशांनाहि हा रोग झालेला आढळतो. ज्या देशांत हा कृमि सर्रास आहे, तेथें फेफऱ्याच्या रोग्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं हाच रोग असतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वर्गांतील एखाद्या मुलास झटका आला असतां ‘हे डुक्कर खाणारे’ म्हणून त्याला हिणविणें हें क्रौर्य तर आहेच, पण तें अज्ञानहि आहे. त्याला वैद्याकडे न्यावें. या रोगावर औषध आहे. आणि शौचाहून आल्यावर साबणानें हात धुणें, कोथिंबीर व काकडी स्वच्छ पाण्यानें धुणें, हे नियम शाकाहारी व मांसाहारी दोन्ही घरांनीं पाळावेत. कच्चें मांस कापलेली सुरी व पाट धुतल्यावांचून कोशिंबिरीस वापरूं नये.

विंदालू केल्या दिवशीं वाढूं नये, असें जाणत्या गृहिणी म्हणतात, व तें आम्हांस मान्य आहे. ताजा असतां त्यांत शिरका एकीकडे व मिरची एकीकडे लागते. दुसऱ्या दिवशीं दोन्ही एकजीव होतात. म्हणून नाताळच्या जेवणासाठीं २३ तारखेच्या रात्रीं मसाला लावावा, २४ ला दुपारीं शिजवावें, निवाल्यावर शीतकपाटांत ठेवावें, आणि २५ ला उपासनेहून परतल्यावर हवें तेवढेंच काढून एक चांगली उकळी येईपर्यंत गरम करावें. गोमंतकांत त्याबरोबर सान्ना असतात, वसईकडे फुगे. दोन्ही नसतील तर पाव किंवा साधा भात पुरे. मांस संपून नुसता रस्सा उरला, तर त्यांत उकडलेलीं अंडीं सोडून मुलांना रात्रीं वाढावीं. कित्येक घरीं मुलें या दुसऱ्या जेवणाचीच वाट पाहत असतात.