औषध मारण्याआधी निळीचं पाणी मारून बघा

परसवाड्याच्या पठारावर धान पोटरीत आलं की बांध्यांमध्ये पंपाचा आवाज सुरू होतो. तुडतुडा, खोडकिडा, करपा या साऱ्यांचे दिवस हेच. याच दिवसांत सर्वांत जास्त विष माणसाच्या अंगाला लागतं. उघड्या पायांनी चिखलात उतरायचं, तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, पाठीवर गळका पंप घ्यायचा आणि निघायचं, ही आपली फवारणी. म्हणून यंदा औषध मारण्याआधी एक सोपा प्रयोग करा.

पंप स्वच्छ धुऊन त्यात साधं पाणी भरा आणि कपड्यांना देतात ती नीळ थोडी मिसळा. जुना पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घाला, नेहमीच्या बांधीत उतरा आणि नेहमीच्याच चालीने 10 मिनिटं फवारा. मग धुऱ्यावर येऊन अंगावरचे कपडे बघा. जिथे निळे डाग, तिथे उद्या औषध लागणार आहे. काय घालायचं ते दुकानदाराला विचारण्याआधी या कपड्यांना विचारा.

धानात डाग बहुतेक मांडीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यावर आणि पोटरीवर दिसतात, कारण आपण फवारलेल्या ओल्या पिकातून पुढे चालत जातो. चिन्नोरसारखा उंच वाण असेल तर डाग पोटापर्यंत चढतात. 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या धानावर आपण जीव लावतो, तेव्हा त्याच्या बांधीत उतरणाऱ्याच्या जिवाचंही बघायला हवं. दुसरा डाग पाठीवर. झाकणाचा वायसर झिजलेला असेल, पट्ट्याजवळून पाणी झिरपत असेल, तर पाठ आणि खाली कंबर भिजते. हा डाग सर्वांत वाईट. हाताच्या कातडीपेक्षा जांघेच्या नाजूक कातडीतून कीटकनाशक 10 पटींहून जास्त शोषलं जातं, असं मानवी त्वचेवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पाठीवरून ओघळलेलं औषध नेमकं तिथेच जातं. गळका पंप पाठीवर घेऊन महागडा मास्क लावण्यात काही अर्थ नाही. आधी वायसर बदला.

यवतमाळची गोष्ट आपल्याकडेही पोचली होती. 2017च्या खरिपात तिथे कपाशीवर फवारणी करताना 20हून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडोंना दवाखान्यात न्यावं लागलं. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. फवारा वर करावा लागला आणि तोच चेहऱ्यावर, श्वासात उतरला. तिथे डोळे आणि नाक आधी झाकायला हवे होते. धानात आधी पाय आणि कंबर झाकायला हवी. एकच ‘सुरक्षा किट’ सगळ्यांना वाटून भागत नाही, ते यासाठीच.

मग धानात काय घालावं? कमरेपासून नडगीच्या खालपर्यंत येणारा प्लास्टिकचा किंवा रेक्झिनचा एप्रन, आत पूर्ण पायजमा आणि पूर्ण बाहीचा सदरा. गमबूट घालावेत, पण पायजमा बुटात खोचू नये, बाहेर सोडावा, नाहीतर ओघळणारं औषध बुटात साठतं. खोल चिखलात गमबूट रुतून बसतात, ही तक्रार खरी आहे. उपाय बुटात नाही, बांधीत आहे. फवारणीच्या आधी पाणी काढून द्या. पुढच्या रोवणीला दर 2 ते 3 मीटरवर फूटभर रुंदीचा पट्टा मोकळा सोडा. त्या पट्ट्यातून चालायला कोरडी वाट मिळते, हवा खेळते आणि तुडतुडाही कमी होतो. वारा एका कुशीवर घेऊन चाला, वाऱ्याच्या तोंडावर कधीच नको.

हातमोजे नायट्राइलचे, जाड आणि मनगटाच्या वर जाणारे घ्या. कापडाचे आणि चामड्याचे मोजे औषध पितात आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतात. धानात फवारा खाली असतो, म्हणून सदऱ्याची बाही मोज्यावरून घ्या. मोजे काढण्याआधी हातातच साबणाने धुवा. सर्वांत जास्त मोज्यांची गरज बांधीत नाही, धुऱ्यावर आहे, बाटली उघडून औषध मोजतो तेव्हा. त्या क्षणी औषध पाण्यात मिसळलेलं नसतं, शंभर टक्के जोराचं असतं. तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. दाणेदार औषध रेतीत किंवा युरियात उघड्या हाताने कालवून फेकायची आपली सवय तर आजच सोडा.

तोंडाला बांधलेला दुपट्टा पहिल्या अर्ध्या तासातच भिजतो आणि मग नाकावर ठेवलेली औषधाची पट्टी होतो. धुळीचा पांढरा मास्क भुकटीसाठी ठीक आहे, वाफ अडवत नाही. वास उग्र असलेलं द्रव औषध असेल तर कार्ट्रिजचा अर्धा मुखवटा लागतो. कार्ट्रिज तळहाताने झाकून श्वास ओढा. मुखवटा गालाला ओढला गेला तर बसला, नाहीतर बाजूने हवा येते आहे. दाढी वाढलेली असेल तर तो बसतच नाही. आतून वास यायला लागला की कार्ट्रिज बदला.

आणि नॉझल तोंडाने फुंकू नका. कितीही घाई असो. जुना दातांचा ब्रश पंपाला दोरीने बांधून ठेवा.

बाटलीवरचा चौकोन नीट बघा. त्यातला खालचा त्रिकोण लाल असेल तर अति विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा आणखी कमी, हिरवा सर्वांत कमी. त्याच किडीवर निळ्या-हिरव्या त्रिकोणाचं औषध चालत असेल तर लाल-पिवळं का घ्यायचं? त्याही आधी एक प्रश्न: फवारणी लागतेच का? चूड बाजूला सारून बुंध्याशी तुडतुडे मोजा. एका चुडात 10च्या आत असतील आणि कोळी फिरत असतील तर थांबा. मारायचंच ठरलं तर फवारा बुंध्याकडे वळवा, कारण तुडतुडा तिथेच बसतो. शंका असेल तर बडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा किंवा 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर फोन करा.

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका. ते घरची बाई उघड्या हाताने धुते आणि जिने पंप उचललाही नाही तिच्या अंगात विष जातं. वेगळ्या बादलीत, मोजे घालून, ज्याने फवारलं त्यानेच धुवावेत.

फवारताना दरदरून घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं, स्नायू फडफडणं सुरू झालं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर बाहेर या, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि 108ला फोन करा. दूध-तूप पाजू नका, उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत न्या, तिच्यावर उतारा लिहिलेला असतो आणि डॉक्टरला तोच आधी हवा असतो.

शेवटचं शेतमालकांसाठी. आपल्याकडे फवारणी बहुतेक रोजंदारीवरचा गडी करतो. 1971च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे मिळावेत असं स्पष्ट लिहिलं आहे. गड्याच्या हातात पंप देताना मोजे, एप्रन, चष्मा आणि साबणही द्या.