बसलेली कमान

धरमपेठेतील आमच्या घराच्या अंगणात एक जुनी पद्मिनी मोटार उभी असते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबर महिन्यात कायमची निघून गेली. आमची मोटार मात्र अद्यापि कुटुंबाच्या सेवेत आहे. तिच्या दुरुस्तीच्या निमित्ताने पदार्थविज्ञानाचा जो पाठ आम्हांस मिळाला, तो विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब रामटेकास गेलो होतो. मागे तिघे बसलेले, डिकीत डबे, सतरंज्या व पाण्याची भांडी. परतताना रात्र झाली. समोरून येणारा एक सायकलस्वार आमच्या दिव्यांनी दिपून रस्त्याच्या कडेस उतरला आणि पडला. सुदैवाने खरचटण्यापलीकडे त्यास इजा झाली नाही. आम्ही उठविले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दिवे खाली करा ना जी!" आणि दिवे तर खालच्याच झोतावर होते!

दोष दिव्यांचा नव्हता. मोटारीची पाठ खचली होती. मागचा भाग खाली गेला की पुढचा भाग वर तोंड करितो, आणि त्याबरोबर दिवेही. पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर 234 सेंटिमीटर आहे. मागची बाजू 8 सेंटिमीटर खाली गेली, तर 30 मीटरांवर प्रकाशाचा झोत सुमारे 1 मीटर वर सरकतो. समोरून येणाऱ्याचे डोळे नेमके तेथेच असतात.

घरी आल्यावर आम्ही घाईने जुने शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून नवे बसविले. पैसे खर्च झाले. पण मोटार तसूभरही वर आली नाही. ती यावयाचीही नव्हती. मोटारीचा भार तोलण्याचे काम कमानीचे असते. पद्मिनीच्या मागील बाजूस पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली कमान प्रत्येक चाकाशी असते. खड्ड्याचा धक्का बसला की कमान दबते व पुन्हा उसळते. ही उसळी तशीच चालू राहू नये म्हणून शेजारी तेलाने भरलेली नळी असते. आतील तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णतेत जिरते. तोच शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तो हेलकावा शमवितो, भार उचलीत नाही.

पुढे एका कारखान्यात सल्ला मिळाला की, कमानी अशक्त झाल्या आहेत, एकेक जाड पाटा वाढवावा. आम्ही होकार देणार, तोच वडिलांची जुनी वही आठवली. पूर्वी कमानी बदलल्या तेव्हा त्यांनी मागील चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोनदा मोजून लिहिले होते: एकदा मोटार रिकामी असता, एकदा मागे 150 किलो भार ठेविला असता. दोहोंतील फरक 5 सेंटिमीटर होता. सपाट जागी मोटार उभी करून आम्ही तीच मापे पुन्हा घेतली. रिकाम्या मोटारीची उंची 3 सेंटिमीटर घटली होती. परंतु तेवढ्याच भाराने येणारा फरक आजही 5 सेंटिमीटरच होता.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1678 मध्ये मांडलेला नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहे: स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत ताण भाराच्या प्रमाणात वाढतो. 150 किलोस 5 सेंटिमीटर, म्हणजे सेंटिमीटरास 30 किलो. हे प्रमाण तेव्हा होते तेच आज आहे. म्हणजे कमान अशक्त झाली नव्हती, बसली होती. वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी पाट्यांचा बाक कायमचा थोडा उतरला होता. ताठरपणा मात्र पोलादाच्या स्थितिस्थापकतेवर आणि पाट्यांच्या लांबी, रुंदी, जाडी व संख्येवर अवलंबून असतो. पाटा गंजून झिजला वा तडकला नसेल, तर वयाने तो कमी होत नाही.

अशा कमानीस जाड पाटा जोडला असता गेलेला बाक परत न मिळता ताठरपणा तेवढा वाढला असता. रिकामी मोटार खडबडीत रस्त्यावर उडू लागती, चाकांची पकड सुटती आणि जुन्या पत्र्यास हादरे बसते. नित्य अवजड भार वाहावयाचा असेल, तर गोष्ट निराळी.

उपाय दोन होते. पाटे सुटे करून त्यांस पुन्हा बाक देता येतो. परंतु केवळ तापवून वाकविले आणि नीट पाणी चढविले नाही, तर पोलाद मऊ पडून कमान लवकरच पुन्हा बसते. म्हणून आम्ही मूळच्याच मापाच्या नव्या कमानी, दोन्ही बाजूंस जोडीने, बसविल्या. रबरी बुश बदलले, आणि त्यांचे बोल्ट मोटार चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळले. हे काम जाणत्या कारागिराचे आहे; नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली कोणीही शिरू नये.

उंची वहीतील मापास जुळली. तरीही तिघे बसले की मागची बाजू 5 सेंटिमीटर दबते आणि 30 मीटरांवर झोत सुमारे 64 सेंटिमीटर चढतो; नव्या कमानीसही हूकचा नियम चुकत नाही. म्हणून भार भरला की दिवे भिंतीवर पाहून खाली करण्याचा परिपाठ आम्ही ठेविला आहे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर घाईने खर्च केला, तेव्हाही वही कपाटातच होती. आधी मोजावे, मग खर्चावे, हे वडिलांस कळत होते. आम्हांस ते एका अनोळखी सायकलस्वाराच्या खरचटलेल्या कोपरांनी शिकविले. नवी मापे आम्ही त्याच वहीत, वडिलांच्या अक्षराखाली, लिहून ठेविली आहेत.