आपल्या आतड्यांतील जिवाणू : मित्र की शत्रू?

'जिवाणू' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर रोगच उभा राहतो. कॉलरा, विषमज्वर, क्षय या रोगांनी आपल्या मागच्या पिढ्यांची जी हानी केली, ती पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु आपल्याच पोटात असंख्य जिवाणू कायमचे वस्तीला असतात आणि त्यांच्यावाचून आतड्यांचे आरोग्य टिकत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या अज्ञानापायी आपण औषधांचा जो गैरवापर करतो, तो थांबावा या हेतूने हा लेख लिहिला आहे.

जिवाणूंची वस्ती

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अंदाजानुसार, ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत. या सर्व जिवाणूंचे वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

बाळ जन्माला येताच ही वस्ती वसू लागते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत, त्या त्याच्या आतड्यांतील उपकारक जिवाणूंचे अन्न होय. म्हणजे आई बाळाला पाजते तेव्हा त्या जिवाणूंचेही पोषण करीत असते.

ते करतात काय?

पहिले काम पोषणाचे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांतील तंतुमय भाग, ज्याला आपण चोथा म्हणतो, तो आपल्या पाचकरसांनी पचत नाही. तो मोठ्या आतड्यात गेल्यावर जिवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हेच मुख्य इंधन आहे. काही जिवाणू 'के' जीवनसत्त्वही तयार करतात.

दुसरे काम राखणदारीचे. एस.टी.च्या गाडीत सर्व जागा भरलेल्या असल्या की नव्या प्रवाशाला बसता येत नाही. तसेच आतड्यांतील जागा आणि अन्न उपकारक जिवाणूंनी व्यापलेले असले, की रोगकारक जिवाणूंना तेथे सहजासहजी ठाव मिळत नाही. याशिवाय ते पित्तरसातील घटकांचे असे रूपांतर करतात की काही घातक जिवाणूंची वाढ त्यामुळे रोखली जाते.

वस्ती उजाड झाली तर?

प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, शत्रू-मित्र हा भेद करीत नाहीत. रोगजंतूंबरोबर ती आतड्यांतील मित्रांनाही मारतात. अशा वेळी सी. डिफिसिल नावाचा जिवाणू संधी साधतो. तो विष सोडतो, मोठ्या आतड्याला सूज येते आणि तीव्र जुलाब लागतात. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या आतड्याच्या गंभीर दाहाचे कारण हा जिवाणू आहे, हे १९७८ साली सिद्ध झाले. वृद्ध व दुर्बल रुग्णांना तो प्राणघातक ठरू शकतो. त्याचे बीजाणू औषधाला दाद देत नाहीत, म्हणून काही रुग्णांना हा रोग पुन्हा पुन्हा होतो.

यावरील एक उपाय ऐकून किळस येईल, पण शास्त्र समजून घेताना किळस बाजूला ठेवावी लागते. १९५८ साली अमेरिकेत डॉ. बेन आयझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आतड्याच्या गंभीर दाहाच्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण एनिमाद्वारे देऊन बरे केल्याचे नोंदवले. २०१३ साली नेदरलँड्समधील चाचणीत वारंवार सी. डिफिसिल होणाऱ्या १६ रुग्णांना असे द्रावण नळीवाटे दिले. त्यांपैकी १३ जण पहिल्याच वेळी आणि आणखी दोघे दुसऱ्या वेळी बरे झाले. केवळ औषध दिलेल्या १३ रुग्णांपैकी मात्र चौघेच बरे झाले. उजाड झालेली वस्ती पुन्हा वसली, हेच या यशाचे कारण. हा उपचार दात्याची कसून तपासणी करून तज्ज्ञांनीच करावयाचा असतो, हे वेगळे सांगणे नको.

आपल्या देशातील उदाहरणही बोलके आहे. ओडिशाच्या ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्या बालकांना सात दिवस एक निवडक उपकारक जिवाणू व त्याचे खाद्य तोंडावाटे दिले, त्यांच्यात रक्तदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांऐवजी ५.४ टक्के आढळले.

आपण काय करावे?

१) जुलाब लागताच दुकानातून प्रतिजैविकांच्या गोळ्या आणू नयेत. बालकांचे अनेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर या गोळ्या चालत नाहीत. प्रथम जलसंजीवनी द्यावी, बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवावे. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा मूल मलूल झाले असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

२) गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

३) याचा अर्थ प्रतिजैविके वाईट असा मुळीच नाही. क्षयरोग्याने व इतर रुग्णांनी डॉक्टरांनी दिलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये. ते औषध प्राण वाचवते.

४) आहारात भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या, फळे नियमित असावीत. ताजे दही चांगले, परंतु ते रोगावरील औषध नव्हे.

५) हात साबण-पाण्याने धुवावेत. सी. डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रवाने मरत नाहीत.

आपल्या घरी आणि शेजारीपाजारी कोणी "पोट बिघडलंय, दोन गोळ्या घेऊन ये" असे म्हणाले, तर विद्यार्थ्यांनी ही माहिती त्यांना नम्रपणे समजावून सांगावी. शिक्षणाचा उपयोग अशा ठिकाणी झाला पाहिजे.