परदेशी मोटारीसाठी योग्य ब्रेक पॅड : निवड व जोडणी

बेळगावहून चोर्ले घाटाने गोव्यात उतरणाऱ्या मोटारीचा ब्रेक वारंवार दाबावा लागतो. मोटारीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक दाबताना या ऊर्जेचे घर्षणामुळे उष्णतेत रूपांतर होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड ही उष्णता सोसतात. म्हणूनच जागेवर नेमका बसणारा प्रत्येक पॅड योग्य असतोच असे नाही, हे परदेशी मोटारीच्या मालकाने प्रथम ध्यानात घ्यावे.

मोटारीचे नाव व निर्मितीचे वर्ष एवढ्यावरून पॅड मागविणे धोक्याचे होय. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीची 240 ही मोटार 1974 ते 1993 या काळात तयार होत असे. तिच्यात काही गाड्यांना गर्लिंगचे, तर काहींना ए. टी. ई. चे कॅलिपर बसविलेले आढळतात. मोटार तीच असली, तरी एकाचे पॅड दुसऱ्यास चालत नाहीत. यास्तव खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(1) चासी क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा. 1981 नंतरच्या बहुतेक मोटारींत तो 17 अक्षर-अंकांचा असतो.

(2) कॅलिपरवरील निर्मात्याचे नाव वाचावे आणि जुना पॅड नव्याशेजारी ठेवून लांबी, रुंदी, जाडी, पिनांची छिद्रे व झीजसूचक तारेची जागा जुळवावी.

(3) पॅडवरील खुणा पाहाव्यात. युरोपीय नियम क्रमांक 90 नुसार मान्यता मिळालेल्या पॅडवर वर्तुळात 'ई' हे अक्षर असते. अमेरिकन पद्धतीत कडेवर दोन अक्षरे असतात; पहिले सामान्य तापमानातील व दुसरे तापल्यावरचे घर्षण दर्शविते. 'ई' म्हणजे 0.25 ते 0.35 आणि 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45. मूळ पॅड 'एफएफ' असता 'एफई' बसविल्यास गावात फरक जाणवणार नाही. घाटात मात्र पकड उणी पडेल.

पॅडचे अस्तर सुमारे 3 मिलिमीटर उरले की तो बदलावा. निर्मात्याने याहून अधिक मर्यादा दिली असल्यास ती पाळावी. एका आसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदलावेत, अन्यथा मोटार एका बाजूस ओढली जाते. चकतीवर कोरलेली किमान जाडीही तपासावी.

काम सपाट जागी करावे. इतर चाकांना दगड लावून मोटार भक्कम आधारावर उभी करावी. केवळ जॅकवर विसंबू नये. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. पिस्टन मागे सारताना टाकीतील ब्रेक ऑइल वर येते, म्हणून थोडे आधीच काढून घ्यावे. मागील कॅलिपरमध्येच हॅण्डब्रेकची यंत्रणा असल्यास पिस्टन बहुधा फिरवून मागे न्यावा लागतो. तो बळाने दाबू नये. पॅडच्या घर्षणाच्या बाजूस व चकतीस तेल किंवा ग्रीस मुळीच लागू देऊ नये. ऑइल टाकीवर लिहिलेल्या प्रकाराचेच घालावे. सित्रोएनच्या काही मोटारींत हिरवे खनिज तेल लागते. त्यात सामान्य ब्रेक ऑइल मिसळल्यास रबरी भाग निकामी होतात.

जोडणी झाल्यावर पेडल कडक होईपर्यंत पुनःपुन्हा दाबावे. त्याआधी मोटार जागेवरून हलवू नये. प्रथम मोकळ्या रस्त्यावर मंद गतीने परीक्षा घ्यावी आणि सुरुवातीचे सुमारे 200 किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा. पेडल मऊ लागल्यास, गाडी बाजूस ओढल्यास वा ऑइल गळल्यास मोटार तेथेच थांबवून जाणत्या मेस्त्रीस दाखवावी.

अचूक पॅड मिळेपर्यंत चार दिवस मोटार उभी ठेवावी लागली, तरी ते घाटात ब्रेक न लागण्यापेक्षा केव्हाही बरे.