घर केवढे असावे?

संसारात राहून अपरिग्रह कसा पाळायचा, हा प्रश्न अनेक साधकांना पडतो. घर बांधायची वेळ आली की तो टाळता येत नाही. कर्ज किती काढायचे, खोल्या किती हव्यात, फरशी कोणती घालायची, यावर पती-पत्नी महिनोन्‌महिने बोलतात. ‘हे कशासाठी हवे?’ एवढे मात्र विचारायचे राहून जाते. हाच प्रश्न धरून घर उभारणाऱ्या एका दांपत्याचा आज अभ्यास करू.

१. मुंबईत मिळालेला बोध

लॉरी बेकर हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे वास्तुविशारद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले आणि तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकरांनी कापडाच्या तुकड्यांपासून बनवलेल्या बुटांकडे गांधीजींचे लक्ष गेले. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, असे गांधीजी म्हणत. शहरी शिक्षण घेतलेल्या बेकरांना हे लगेच पटले नाही. पुढे अनुभवाने मात्र ते शब्दशः पटले.

२. डोंगरातील घर

बेकर भारतात परतले आणि कुष्ठरुग्णांच्या सेवेत लागले. तेथे त्यांची केरळच्या डॉ. एलिझाबेथ यांच्याशी ओळख झाली. दोन्ही घरांचा विरोध होता, म्हणून दोघे थांबले आणि १९४८ मध्ये विवाहबद्ध झाले. लग्नानंतर ते हिमालयात पिथौरागढला फिरायला गेले. डॉक्टर आल्याचे कळताच लोक उपचारासाठी येऊ लागले आणि मुक्काम सोळा वर्षांचा झाला.

तेथे घर बांधताना बेकरांची पुस्तकी विद्या कामी येईना. दगड, माती आणि लाकूड कसे वापरायचे हे गावच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. बेकर त्यांच्याकडून शिकले. घरापाठोपाठ रुग्णालय आणि शाळाही उभ्या राहिल्या. ‘मला येते’ हा अभिमान खाली ठेवल्यावरच शिकणे सुरू होते, हे येथे लक्षात घ्यावे.

३. कामाचे ठेवावे, भार काढावा

पुढे तिरुवनंतपुरमला खडकाळ उतारावर दोघांनी आपले घर केले. खडक फोडून जमीन सपाट करण्याऐवजी उताराप्रमाणे घर वळत गेले. जुन्या घरांचे लाकूड, फुटक्या फरशांचे तुकडे, काचेच्या बाटल्या हे सारे त्यात उपयोगी पडले. घर एकदम न बांधता गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढले.

बेकरांची स्लॅबची पद्धत आपल्याला बरेच शिकवते. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पेलण्याचे काम लोखंडी सळ्या करतात. तेथल्या बऱ्याचशा काँक्रीटचा उपयोग नसतो, उलट त्याचा भारच होतो. म्हणून सळ्यांच्या मधल्या जागेत ते मंगळूरी कौले बसवत. छत मजबूत राही, वजन आणि खर्च कमी होई. भिंतीतही विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि घर थंड राहते.

आपल्या जीवनातही असे बरेच काही असते, जे आधार देत नाही, फक्त भार वाढवते.

४. सावधानता

लहान घराचाही अहंकार होऊ शकतो. ‘आम्ही बघा किती साधे राहतो’ हासुद्धा दिखावाच आहे. वृद्ध आईवडील घरी येणार असतील तर खोली वाढवणे हे कर्तव्य आहे. माप भिंतीचे नसून गरजेचे आहे. हे माप दोघांनी मिळून ठरवावे. एकाने दुसऱ्यावर लादलेला त्याग घरात कटुता आणतो.

५. चिंतनासाठी

- माझ्या घरातील कोणती वस्तू केवळ लोकांनी पाहावी म्हणून आहे?
- ‘आपल्याला किती पुरे?’ हे जोडीदाराशी शांतपणे शेवटचे कधी बोललो?
- माझ्या घराचे दार कोणाच्या गरजेसाठी उघडते?

या आठवड्यात दोघांनी एकत्र बसून एकच कपाट उघडावे आणि प्रत्येक वस्तूला विचारावे, ‘तुझी गरज आहे का?’ उत्तर ‘नाही’ आले, तर ज्याला तिची गरज आहे त्याच्यापर्यंत ती आदराने पोहोचवावी. अपरिग्रहाची सुरुवात अशा एका कपाटापासूनही होते.