विशारद झालात, पण क्लासची घाई नको

विशारद पूर्णचा निकाल लागला की महिन्याभरात सोसायटीच्या हॉलमध्ये कथकचा क्लास सुरू होतो. हे इतकं सरसकट झालंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. शिकवण्यात गेलेल्या वर्षांनी माझं मत ठाम केलं आहे: अनुभवी गुरूंच्या हाताखाली, तेही अगदी लहान मुलांच्या वर्गात, निदान दोन वर्षं शिकवल्याशिवाय स्वतःचा क्लास काढू नये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मी नावं ठेवत नाही. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची वाट खडतरच आहे. पण तिथे तुमचं नाचणं तपासलं जातं. हातावर ताल धरून पढंत येते का, परण नेमकी समेवर येते का, हे पाहतात. समोरच्या सात वर्षांच्या मुलीचा पाय कुठे चुकतोय हे तुम्हाला दिसतं का, हे कुणी विचारत नाही.

तत्कारच घ्या. ‘ता थेई थेई तत’ हे उजवा, डावा, उजवा, डावा. पुढचं ‘आ थेई थेई तत’ मात्र डाव्याने सुरू. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला लागोपाठ डावाच पाय पडतो आणि नवख्या मुली नेमक्या तिथेच अडखळतात. त्यात ताई समोर तोंड करून उभ्या असल्या, तर त्यांचा उजवा पाय मुलींच्या डावीकडे येतो आणि बघून करणाऱ्या मुली उलटाच पाय उचलतात. जिच्या अंगात तत्कार मुरलाय तिला ही अडचण आठवतही नाही. ती नुसतं ‘पुन्हा कर’ म्हणत राहते. जाणती शिक्षिका पाय थांबवते, हातावर बोल म्हणून घेते, पाठमोरी उभी राहून विलंबित लयीत तेवढा सांधाच घोटून घेते. घुंगरू त्यानंतर. शिवाय काँक्रीटवरची फरशी पायाखाली जराही दबत नाही. तिथे लहान मुलींना तासभर चौगुनीत पाय आपटायला लावले तर मार गुडघ्यांना आणि टाचांना बसतो. कधी थांबवायचं, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

पूर्वीचे गुरू कुठे शिकवायला शिकले होते, असा प्रश्न येतो. शिकलेच होते की! गुरुगृही राहणारा शिष्य रोज इतरांची तालीम पाहायचा, धाकट्यांचा रियाज घ्यायचा. आठवड्यातून दोनदा तासभर येणाऱ्या मुलीला ते कसं मिळणार? रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ऐन तरुण वयात नृत्यभारती सुरू केली, हे उदाहरणही दिलं जातं. पण त्यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली. संस्था निघाली म्हणून शिकणं थांबलं नाही. आज क्लास सुरू झाला की बहुतेकींची स्वतःची तालीम संपते आणि पालकांच्या ‘यंदा कुठली परीक्षा?’ या प्रश्नावर वर्ष ढकललं जातं.

खरा आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दोन वर्षं बिनपगारी उमेदवारी घरच्या आधाराशिवाय कुणालाच परवडत नाही. सेवा म्हणून फुकट राबवून घेणं गुरूंनी बंद केलं पाहिजे. मदतनीस मुलगी ज्या वर्गाला शिकवते, त्या वर्गाच्या फीमधला ठरलेला वाटा तिला दर महिन्याला मिळावा, आणि तो किती हे पहिल्याच दिवशी दोघींनी बोलून ठरवावं.