धर्मादाय न्यासाची पुनर्घटना : मार्ग आणि मर्यादा

दात्याचा हेतू चिरंतन राहावा असे आपणां सर्वांस वाटते. परंतु ज्या परिस्थितीत दान दिले जाते ती परिस्थिती मात्र चिरंतन नसते. पांथस्थांसाठी बांधलेल्या धर्मशाळेच्या वाटेने पांथस्थच येईनासे होतात. एका घराण्याकडे सोपविलेली पूजेची व्यवस्था, त्या घराण्याचा वंश खुंटल्यामुळे, निराधार होते. दोन लहान न्यासांचे उत्पन्न वेगवेगळे राहिल्याने कोणाच्याच दिवाबत्तीस पुरत नाही. अशा वेळी विश्वस्तांनी काय करावे आणि काय करू नये, याचा विचार या पाठात करू.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानी घ्यावे. विश्वस्त हा मालमत्तेचा मालक नव्हे, रखवालदार आहे. म्हणून सर्व विश्वस्तांनी एकमताने ठराव केला, तरी तेवढ्याने न्यासाची जागा विकता येत नाही किंवा त्याचा उद्देश बदलता येत नाही.

आपल्याकडे या विषयाचा कायदा म्हणजे १९५१ चा मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम. त्या वेळी राज्याची राजधानी नागपूर होती आणि आपले बऱ्हाणपूर त्या जुन्या राज्यात होते. या कायद्यान्वये जिल्ह्याचा कलेक्टर हाच न्यासांचा रजिस्ट्रार असतो. १५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळे या कामासाठी खंडव्यास जावे लागत नाही.

कलम १४ प्रत्येक सभासदाने जाणून घ्यावे. स्थावर मालमत्तेची विक्री, गहाण, अदलाबदल किंवा बक्षीस यांस रजिस्ट्रारची पूर्वमंजुरी हवी. शेतजमीन सात वर्षांहून अधिक, अथवा इमारत वा अन्य जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने द्यावयाची असल्यासही हाच नियम लागू होतो. व्यवहार न्यासाच्या हितास बाधक असेल तरच रजिस्ट्रारने मंजुरी नाकारावी, असेही तेथे म्हटले आहे. अर्थात प्रामाणिक विश्वस्तांनी या अटीस भिण्याचे कारण नाही.

उद्देशच निष्फळ झाला असेल, तर मार्ग थोडा लांबचा आहे. कलम २६ नुसार मूळ उद्देश असाध्य झाला आहे, किंवा व्यवस्था नीट चालत नाही, अशी रजिस्ट्रारची खात्री पटल्यास तो कार्यकारी विश्वस्तास न्यायालयाकडे अर्ज करावयास सांगू शकतो. अशी मागणी कोणीही हितसंबंधी व्यक्ती रजिस्ट्रारकडे करू शकते. न्यायालय नवे विश्वस्त नेमू शकते, व्यवस्थेची योजना आखून देऊ शकते आणि निधी कोणत्या कार्यास लावावा हे ठरवू शकते. मात्र तसे करताना दात्याचा मूळ हेतू त्यास दृष्टीआड करता येत नाही.

महाराष्ट्रातील आपल्या नातलगांकडे व्यवस्था निराळी आहे. तेथील कायद्याच्या कलम ५०-अ प्रमाणे, जाहीर सूचना देऊन व विश्वस्तांचे म्हणणे ऐकून, धर्मादाय आयुक्त दोन किंवा अधिक न्यासांचे एका समाईक योजनेत विलीनीकरण करू शकतात.

पूर्वमंजुरीचे महत्त्व इंदूरच्या खासगी न्यासाच्या प्रकरणाने स्पष्ट झाले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या धर्मकृत्यांचा वारसा सांगणाऱ्या, देशभर मंदिरे आणि घाट सांभाळणाऱ्या या न्यासाचा लेख १९६२ सालचा. पुढे त्याच्या काही मालमत्ता विकल्या गेल्या. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा न्यास १९५१ च्या कायद्याखालीच येतो, त्याने एका महिन्यात नोंदणीसाठी अर्ज करावा आणि विक्रीपूर्वी रजिस्ट्रारची मंजुरी घेणे आवश्यक होते. विक्रीमुळे न्यासाचे नुकसान झाले काय, याची चौकशीही रजिस्ट्रारवर सोपविण्यात आली.

तथापि शासनाच्या अधिकारासही मर्यादा आहे. रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ धार्मिक उद्देश साध्य होण्याजोगा असताना केवळ दुसरे कार्य अधिक उपयुक्त वाटते म्हणून न्यासाचा पैसा तिकडे वळविता येणार नाही. जे बंधन विश्वस्तांवर, तेच सत्तेवरही.

तेव्हा सभासद कुटुंबांनी चार गोष्टी पाहाव्यात. न्यासाचा मूळ लेख कोठे आहे? रजिस्टरातील नोंदी आजच्या वस्तुस्थितीशी जुळतात काय? वार्षिक हिशेब तपासला जातो काय? आणि कोणताही बदल ठरविताना त्याची लेखी कारणे इतिवृत्तात नमूद होतात काय? दाता आज आपल्यासमोर येऊन जाब विचारणार नाही. म्हणूनच त्याच्या वतीने तो विचारण्याचे कर्तव्य आपले आहे.